नाव पडलं कानफाट्या

आरोपी साक्षीदाराच्या पिंजऱ्यात. सरकारी वकील उठतात. घटनेबद्दल अवाक्षर नाही. "याआधी तुम्हाला शिक्षा झालेली आहे, खरं ना?" "हो." वकील खाली बसतात. झाली उलटतपासणी.

अमेरिकेच्या फेडरल न्यायालयांत 1975 पासून लागू असलेला पुराव्याचा नियम 609 याला मुभा देतो. समर्थकांचं म्हणणं असं: जुनी शिक्षा सांगायची ती आरोपी कितपत खरं बोलतो हे जोखण्यापुरती, गुन्हा सिद्ध करायला नव्हे. ज्याने कायदा मोडला तो शपथही मोडेलच की! ऐकताना बिनतोड वाटतं. पण ओहलर खटला बघा. मेक्सिकोच्या सीमेवर बाईच्या व्हॅनमध्ये गांजा सापडला. तिची जुनी शिक्षा मेथॲम्फेटामिन बाळगल्याची. यात खोटेपणाचा संबंध आला कुठे? ज्यूरीच्या मनात "खोटारडी" उमटतं, की "पुन्हा तेच"? सरकारी वकिलाने काढण्याआधी तिने ती शिक्षा स्वतःच सांगून टाकली. तर 2000 साली सर्वोच्च न्यायालय पाच विरुद्ध चार मतांनी म्हणालं, तुम्हीच सांगितलंत, आता अपिलात तक्रार चालणार नाही. गप्प बसावं तर बाजू मांडता येत नाही, बोलावं तर हे.

"ही माहिती विश्वासार्हतेपुरतीच वापरा," असं न्यायाधीश ज्यूरीला बजावतात. मिठाचा खडा काढून घेतला म्हणून दूध पुन्हा गोड होतं का?

हो, कोर्टात खोटी साक्ष दिल्याबद्दल झालेली शिक्षा वेगळी. ती खरेपणाशी भिडते, हे मी मान्य करतो. मारामारीची, दारूची, गांजाची नाही.

"आपल्याकडे ज्यूरी नाही, न्यायाधीश असल्या गोष्टींनी वाहून जात नाहीत," असंही काही वकीलमित्र सांगतात. आपल्या कायद्याने मात्र न्यायाधीशांवरही इतका भरवसा टाकलेला नाही. 1872 च्या पुरावा कायद्यात कलम 54 नुसार पूर्वीची शिक्षा चक्क सुसंगत होती. 1891 मध्ये ते कलम बदललं: आरोपी स्वतःच्या चांगुलपणाचा पुरावा आणत नाही तोवर त्याच्या वाईट चारित्र्याची वाट बंद. (साहेबाच्याच राज्यात 1871 पासून अख्ख्या जमाती जन्मतः गुन्हेगार ठरत होत्या, आणि पारध्यांच्या पालावर 'रेकॉर्डवरचा' हा शब्द आजही ऐकू येतो, ही गोष्ट निराळी.) 1 जुलै 2024 पासून लागू झालेल्या भारतीय साक्ष्य अधिनियमात कलम 49 तेच सांगतं. म्हणजे "मी साधा माणूस" असा पुरावा आरोपीने आणलाच, तर त्याला उत्तर द्यायची सोय आहे. आणखी काय हवं?

भूतकाळाला जागा आहे, पण ती निकालानंतर. सत्र खटल्यात वाढीव शिक्षेसाठी जुन्या शिक्षेचा आरोप ठेवला असेल, तर भारतीय नागरिक सुरक्षा संहितेच्या कलम 259 प्रमाणे तो आधी वाचून दाखवायचा नसतो, सरकार पक्षाने त्याचा उल्लेखही करायचा नसतो. आरोपी दोषी ठरला, की मग तो कागद उघडायचा.