तोच शब्द, निराळा अर्थ

आयुर्वेदाचे ज्ञान मराठीतून उपलब्ध व्हावे, याविषयी आपल्यात दुमत नाही. मतभेद आहे तो अनुवाद कसा असावा याविषयी. संहितेतील पारिभाषिक शब्द जसाच्या तसा ठेवला की अनुवाद मूळ ग्रंथाशी प्रामाणिक राहिला, अशी पुष्कळ वैद्यांची धारणा असते. संस्कृतातील 'पित्त' मराठीतही 'पित्त'च. मग भाषांतर करावयाचे ते कशाचे? प्रस्तुत लेखकाच्या मते मराठी अनुवादातील खरा धोका येथेच दडलेला आहे.

शब्द संस्कृतातून मराठीत आला, शतकानुशतके लोकांच्या तोंडी रुळला आणि रुळता रुळता त्याचा अर्थ पालटला. 'रक्तपित्त' हाच शब्द पाहा. संहितेत तो ऊर्ध्व अथवा अधोमार्गाने होणाऱ्या रक्तस्रावाचा व्याधी आहे. खेड्यापाड्यांतील मराठीत मात्र 'रक्तपिती' म्हणजे महारोग. 'कुष्ठ' या शब्दाची गत याच्या उलट आहे. संहितेत कुष्ठाचे अठरा प्रकार सांगितले असून त्यांत दद्रूचाही, म्हणजे साध्या गजकर्णाचाही, समावेश होतो. मराठीत तो शब्द एकाच रोगापुरता उरला आहे. वारंवार घोळणा फुटणाऱ्या मुलीच्या केसपेपरवर 'रक्तपित्त', किंवा गजकर्णाच्या रुग्णाच्या कागदावर 'कुष्ठ' असे लिहिले, तर शास्त्रदृष्ट्या त्यात चूक नाही. परंतु तो कागद घरच्यांनी वाचला, तर त्या रुग्णाच्या वाट्याला काय येईल, याची कल्पना प्रत्येकाने करावी.

'पथ्य' या शब्दाची कथा अधिक विलक्षण आहे. शरीराच्या मार्गांना अपाय न करणारे व मनाला प्रिय असणारे ते पथ्य, असे चरकाचार्य सांगतात. म्हणजे पथ्य हे मुख्यतः सेवन करण्याचे आहे. मराठी माणूस मात्र पथ्य 'पाळतो', आणि पाळतो म्हणजे वर्ज्य करतो. ग्रहणीच्या रुग्णाला 'ताक पथ्य आहे' असे वैद्याने सांगितले आणि रुग्णाने 'ताकाचे पथ्य आहे' असे ऐकले, तर एका प्रत्ययाने चिकित्सा उलटी होते. जे ताक ग्रहणीत श्रेष्ठ मानले, तेच तो घरी गेल्यावर बंद करतो. 'लंघन' म्हणजे उपाशी राहणे, असे आपण सर्रास लिहितो. चरकसंहितेत लंघनाचे दहा प्रकार आहेत आणि उपवास हा त्यांतील केवळ एक. 'अंगावर पित्त उठले' असे रुग्ण म्हणतो, तेव्हा त्याला शीतपित्त, उदर्द वा कोठ यांपैकी काहीतरी सांगावयाचे असते. 'पित्त झाले' म्हणतो, तेव्हा बहुधा अम्लपित्त. गुडघे दुखले की तो 'वात' म्हणतो आणि खोकल्यावाटे पडला तो 'कफ'. यांपैकी एकही शब्द परका नाही. परका नाही म्हणूनच तो फसवतो.

अन्य भाषांतील अनुवादकांना ही सोय, आणि म्हणून ही अडचणही, नव्हती. अब्बासी खलिफांच्या काळात बगदादेत सुश्रुतसंहिता अरबीत गेली. अकराव्या शतकात अष्टांगहृदय तिबेटीत गेले. तिबेटी भाषांतरकारांनी तिन्ही दोषांसाठी आपल्या भाषेतील शब्द योजले, आणि ते योजण्यापूर्वी मूळ शब्दाचा अर्थ त्यांना ठरवावा लागला. मराठी अनुवादकाला शब्द आयता मिळतो. त्यामुळे अर्थ ठरविण्याचे काम राहून जाते.

वस्तुतः हे काम आपल्या परंपरेला नवे नाही. सुश्रुताचा टीकाकार डल्हण अनेक वनस्पतींना लोकांत काय म्हणतात, हे आवर्जून नोंदवितो. देवगिरीच्या यादवांचा मंत्री हेमाद्री याने अष्टांगहृदयावर 'आयुर्वेदरसायन' ही टीका लिहिली, ती संस्कृतातच. मात्र त्याच यादवकाळात, शके १२१२ मध्ये, आपल्याच जिल्ह्यातील नेवाशाला ज्ञानेश्वरांनी गीतार्थ मराठीत आणला. आमच्या अकोल्यावरून वाहणारी प्रवरा पुढे त्याच नेवाशाला जाते. ज्ञानेश्वरांनी संस्कृत शब्द टाकला नाही आणि तो नुसता ठेवूनही दिला नाही. दृष्टांतामागून दृष्टांत देत तो श्रोत्याच्या अनुभवात उतरविला. अलीकडच्या काळात डॉ. गणेश कृष्ण गर्दे यांच्या 'सार्थ वाग्भट'ने मराठी वाचकाला वाग्भटाची ओळख करून दिली. या ऋणाची जाणीव ठेवूनच पुढचे पाऊल टाकावयाचे आहे.

यावर दोन आक्षेप संभवतात. पहिला असा की, अर्थ मराठीत सांगू लागलो तर परिभाषा पातळ होईल. संज्ञा टाकून द्यावी, असे येथे सुचविलेले नाही. संज्ञा ठेवावी, तिचा संहितोक्त अर्थ आणि रूढ मराठी अर्थ यांतील अंतर तेथेच सांगावे, एवढेच म्हणणे आहे. दुसरा आक्षेप असा की, आधुनिक रोगनाम लिहिले की प्रश्न सुटतो. तो सुटत नाही. आमवात म्हणजे अमुक आधुनिक व्याधी, असे समीकरण मांडले की आम आणि अग्नी यांचा विचारच गळून पडतो.

हा प्रश्न आज तातडीचा झाला आहे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये आयुर्वेदाच्या प्रमाणित संज्ञांचा इंग्रजी संग्रह प्रसिद्ध केला. जानेवारी २०२४ मध्ये आयसीडी-११ वर्गीकरणात आयुर्वेद, सिद्ध व युनानी यांच्या व्याधींचा विभाग आला. म्हणजे आपल्या शब्दांचे इंग्रजीत काय होते, याची काळजी जगाने घेतली. मराठीत काय होते, याची काळजी आपणच घ्यावयाची आहे. रुग्ण मराठीत बोलतो आणि नोंद संस्कृत संज्ञेची होते. मधला अनुवाद रोजच्या ओपीडीत आपण करतो. तो चुकला, तर नोंदही चुकणार आणि चिकित्साही.

म्हणून संघटनेला एक सूचना. ज्या शब्दांचा संहितेतील अर्थ व बोलीतील अर्थ भिन्न आहे, अशा निदान शंभर शब्दांचा छोटा अर्थकोश तयार करावा. त्यात तीन रकाने असावेत: संहितेतील अर्थ, लोकांतील अर्थ आणि रुग्णाशी बोलताना वापरावयाचे वाक्य. तिसरा रकाना प्रत्येक तालुक्यातील वैद्यांनी भरावा, कारण तो कोणत्याही ग्रंथालयात मिळणार नाही. अकोले तालुक्याच्या पश्चिम भागातील आदिवासी गावांमधले शब्द गोळा करून पाठविण्याची जबाबदारी आम्ही येथील वैद्य घेऊ. इतर तालुक्यांतील वैद्यबंधू-भगिनींनीही आपापल्या भागाची घ्यावी, ही विनंती.