‘यूए १६+’ असूनही लहान मुलं ‘छावा’ला कशी गेली?

फेब्रुवारी २०२५ मध्ये ‘छावा’ प्रदर्शित झाला आणि थोड्याच दिवसांत थिएटरमध्ये हुंदके देऊन रडणाऱ्या लहान मुलांचे व्हिडिओ फिरू लागले. अनेकांनी ते अभिमानाने पुढे पाठवले. या चित्रपटाला सेन्सॉर बोर्डाचं ‘यूए १६+’ प्रमाणपत्र होतं. मग त्या मुलांना आत सोडून थिएटरवाल्यांनी नियम मोडला का?

नाही. आपल्याकडे गोंधळ होतो तो नेमका इथेच.

१९८३ पासून ‘यूए’ हा एकच शिक्का होता: बारा वर्षांखालच्या मुलांनी पालकांच्या मार्गदर्शनाखाली पाहावा. २०२३ मध्ये सिनेमॅटोग्राफ कायद्यात दुरुस्ती झाली आणि त्याचे तीन भाग पडले, ७+, १३+ आणि १६+. आकडा बदलला, पण शिक्क्याचं स्वरूप तेच राहिलं. तो सल्ला आहे आणि तो पालकांसाठी आहे. पालकांशिवाय इतर कोणी त्याची सक्ती करू शकत नाही, असं दुरुस्तीतच म्हटलंय. त्यामुळे सहा वर्षांचं मूल ‘यूए १६+’ चित्रपटाला आलं, तर दारावरच्या माणसाने त्याला अडवावं अशी कायद्याची अपेक्षा नाही. अठरा वर्षांखालच्यांना दार बंद होतं ते फक्त ‘ए’ प्रमाणपत्राला. ब्रिटनमध्ये वेगळं आहे. तिथे ‘१५’ प्रमाणपत्र असलेल्या चित्रपटाला चौदा वर्षांच्या मुलाला पालक सोबत असले तरी प्रवेश नाही.

म्हणजे निर्णय आई-बाबांचा. पण तो घ्यायला त्यांच्या हातात असतं काय?

पेण तालुक्यातल्या गडबसारख्या गावातून मल्टिप्लेक्सला जायचं, तर अख्खं घर निघतं. लहानग्याला कोणाकडे ठेवणार? त्यात हा विषय संभाजी महाराजांचा. १६८१ मध्ये ज्या रायगडावर त्यांचा राज्याभिषेक झाला, तो याच जिल्ह्यात. असा चित्रपट मुलांना दाखवणं हे अनेक घरांना कर्तव्यच वाटतं, आणि त्यात गैर काही नाही. पण चौथीच्या पुस्तकातला इतिहास वेगळा आणि मोठ्या पडद्यावर, कानठळ्या बसवणाऱ्या आवाजात बराच वेळ चालणारा छळ वेगळा. १६+ हा आकडा विषयाबद्दल नसतो, तो विषय कसा दाखवलाय त्याबद्दल असतो. घरात एवढा फरक कळला, तरी अर्धं काम झालं.

उरलेलं अर्धं काम यंत्रणेचं आहे, आणि तिथे ती कमी पडते असं मला वाटतं. तिकिटाच्या अॅपवर चित्रपटाच्या नावाजवळ बारीक अक्षरांत ‘यूए १६+’ दिसतं. पण १६+ कशामुळे? रक्तपात, शिव्या की प्रणयदृश्यं? हे एकाच ओळीत कळलं, तर आई-बाबांना ठरवता येईल. एखादं दहा वर्षांचं मूल शिव्या ऐकून हसून सोडून देतं, पण छळाचं दृश्य पाहून आठवडाभर झोपत नाही. मोठ्या पडद्यावर प्रमाणपत्र झळकतं ते चित्रपट सुरू होताना. तोवर तिकिटं फाटलेली असतात आणि पॉपकॉर्न हातात आलेलं असतं.

गंमत म्हणजे ओटीटीवर हे आधीच बंधनकारक आहे. २०२१ च्या नियमांनुसार तिथे वयोगटासोबत आशयाचं थोडक्यात वर्णन द्यावं लागतं आणि १३+ पासून पुढे पालकांसाठी लॉकची सोय ठेवावी लागते. मात्र तिथलं वर्गीकरण सेन्सॉर बोर्ड करत नाही, ते प्लॅटफॉर्म स्वतःच करतो. आणि लॉक असून उपयोग काय, जर घरात एकच फोन आणि एकच प्रोफाइल असेल? पिन तर मुलांनाच आधी पाठ होतो!

‘छावा’ एप्रिल २०२५ मध्ये नेटफ्लिक्सवर आला. ज्यांना लहान मुलांना तो दाखवायचाच होता, त्यांच्यासाठी ही सोय खरं तर थिएटरपेक्षा बरी होती. आधी स्वतः पाहायचा, मग मुलांना सोबत घेऊन बसायचं आणि शेवटचा भाग आला की रिमोट हातात घ्यायचा.