सहा रुपयांचा फरक

परवा माळ्यावरची पेटी आवरताना आपाच्या निकाहच्या दोन व्हीसीडी सापडल्या. २००६ सालचा निकाह, हिंगणघाटचा. शूटिंगवाल्याने तेव्हा विचारले होते, "व्हीसीडी करू की डीव्हीडी?" डीव्हीडीचे दोनशे रुपये जास्त होते आणि घरात प्लेअर होता व्हीसीडीचा. अब्बांनी व्हीसीडी सांगितली.

दिसायला दोन्ही सारख्याच. पण व्हीसीडीत जेमतेम सव्वा तास मावतो, म्हणून एका सिनेमाला दोन-तीन लागायच्या. डीव्हीडीत अख्खा सिनेमा बसतो आणि चित्रात सुमारे चौपट बारकावे असतात. तरीही आपल्याकडे घरोघरी व्हीसीडीच चालली, कारण दोन्हींच्या भावात मोठे अंतर होते.

२००७ साली हे अंतर एकदम मिटले. कोऱ्या सीडी बनवणाऱ्या मोझर बेअर कंपनीने सिनेमे बाजारात आणले, व्हीसीडी २८ रुपयांना आणि डीव्हीडी ३४ रुपयांना. फरक अवघा सहा रुपयांचा! गाडीवरच्या चोरट्या सीडीच्या भावात अस्सल माल मिळू लागला. इतर कंपन्यांनाही भाव खाली आणावे लागले.

मग व्हीसीडी त्याच दिवशी बंद का पडली नाही? कारण ग्राहक फक्त सीडीचा भाव पाहत नाही, घरातले यंत्रही पाहतो. व्हीसीडी प्लेअरवर डीव्हीडी चालत नाही. म्हणजे त्या सहा रुपयांमागे नव्या प्लेअरचा खर्च उभा असतो. उलट डीव्हीडी प्लेअरवर दोन्ही चालतात. त्यामुळे जुना प्लेअर बिघडला की लोक डीव्हीडीचाच घेत आणि व्हीसीडी हळूहळू मागे पडत गेली.

यंत्र स्वस्त केले तरी काम भागतेच असे नाही. अमेरिकेत एचडी डीव्हीडी आणि ब्लू-रे यांची चुरस होती. २००७ च्या नोव्हेंबरात तोशिबाचा एचडी डीव्हीडी प्लेअर तिथे शंभर डॉलरच्या आत विकला गेला. पण जानेवारीत वॉर्नर ही बडी सिनेमा कंपनी ब्लू-रेकडे गेली आणि फेब्रुवारी २००८ मध्ये तोशिबाने माघार घेतली. स्वस्त प्लेअर घेणाऱ्यांना नवे सिनेमे मिळेनासे झाले.

आमच्या व्हीसीडी अजून चालतात. मुलाने त्या पेनड्राइव्हवर उतरवून दिल्या. पण मोठ्या टीव्हीवर अब्बांचा चेहरा धूसरच दिसतो. व्हीसीडी करताना चित्रातले जे बारकावे गळाले, ते आता कोणत्याही यंत्राने परत येणार नाहीत. अब्बाही आता नाहीत.

अब्बांचा हिशेब सिनेमासाठी बरोबर होता. सिनेमा पुढे चांगल्या रूपात पुन्हा विकत घेता येतो, तिथे स्वस्त ते घ्यावे. निकाह मात्र पुन्हा चित्रित होत नाही. तिथे दोनशे रुपये वाचवू नयेत. आणि तुमच्या घरातही अशा सीडी पडून असतील, तर प्लेअर मिळतो आहे तोवर त्या आजच उतरवून घ्या.