एकच गाडी, दोन देश, दोन निकाल : पैनगंगेच्या काठावरून वाचलेला मोटारींचा इतिहास

१/
डिसेंबर २०२२. पुण्याजवळच्या चाकणमध्ये तयार होणाऱ्या महिंद्रा स्कॉर्पिओ-एन या गाडीला 'ग्लोबल एनकॅप'च्या अपघातचाचणीत पाच तारे मिळाले. डिसेंबर २०२३. ऑस्ट्रेलियाच्या 'अँकॅप' या संस्थेने तिथे विकल्या जाणाऱ्या त्याच स्कॉर्पिओला शून्य तारे दिले. अंतर अवघ्या एका वर्षाचे. मग खरे कोण बोलले? या धाग्याचे म्हणणे असे, की दोघेही खरेच बोलले.

२/
हे कोडे सोडवायला आधी यवतमाळ जिल्ह्यातल्या ढाणकीला जाऊ. उमरखेड तालुक्यातले हे गाव विदर्भाच्या दक्षिण टोकाला वसले आहे. दक्षिणेला पैनगंगा आणि नदीपलीकडे मराठवाडा. १८५३च्या तहाने वऱ्हाडचा कारभार इंग्रजांकडे गेला आणि पैनगंगा ही केवळ नदी उरली नाही. अलीकडे इंग्रजी अंमल, पलीकडे निजामाचे हैदराबाद संस्थान.

३/
अलीकडच्या बाजारात कलदार रुपया चाले, पलीकडे हाली सिक्का. दोन्ही रुपयेच, पण ठोकळ हिशेब सहा कलदारांना सात हाली असा. नदी ओलांडणाऱ्या शेतकऱ्याचा कापूस तोच राही, त्याचे मोल मोजणारे नाणे बदले. वस्तू एक आणि तिला लागू होणारा कायदा दुसरा, ही गोष्ट सीमेवरच्या माणसाला कोणी शिकवावी लागत नाही.

४/
मोटारीचेही असेच आहे. एकाच नावाची गाडी देशोदेशी वेगळी निघते, याचे श्रेय किंवा दोष आपण कंपनीच्या नियतीला, नाहीतर 'आपल्या लोकांच्या आवडीला' देतो. दोन्हींचा वाटा असतोच. पण इतिहास तपासला तर निर्णायक हात बहुधा तिसऱ्याच घटकाचा दिसतो : त्या देशाने आपल्या कायद्यात काय मागितले आणि काय मागायचे राहून गेले.

५/
पहिले उदाहरण जीपचे. १९४७ पासून महिंद्राने मुंबईत विलीज जीपची जुळणी सुरू केली. युद्धासाठी घडलेले हे अमेरिकन वाहन भारतात लांब झाले, पुढे प्यूजोच्या परवान्याने त्यात डिझेल इंजिन आले, मागे समोरासमोर बाके बसली. विदर्भातल्या तालुक्यांच्या गावी हीच जीप 'काळीपिवळी' म्हणून प्रवासी वाहू लागली. जिथे एसटीच्या फेऱ्या मोजक्या, तिथे बाजारहाट, दवाखाना आणि कॉलेज तिच्यावरच अवलंबून राहिले.

६/
आता त्याच वंशाची गाडी उलट दिशेने अमेरिकेत गेलेली पाहा. २०१८ मध्ये महिंद्राने मिशिगन राज्यात 'रॉक्सर' बाजारात आणली. रूपाने जुनी जीपच. पण अमेरिकेच्या मोटार-सुरक्षा नियमांनुसार ती रस्त्यावरची मोटार म्हणून विकता येत नव्हती. म्हणून ती शेत, रान आणि हौसेच्या वापराचे वाहन म्हणून विकली गेली. ज्या घडणीवर इकडे गावेच्या गावे प्रवास करीत आली, तिला तिकडच्या कायद्याने मोटारींच्या रांगेतच उभे केले नाही.

७/
दुसरे उदाहरण काळाच्या सीमेचे. फियाट ११००-डी ही इटलीत १९६०च्या दशकातली कुटुंबाची गाडी. तिकडे ती त्याच दशकात मागे पडली. कुर्ल्याच्या प्रीमियर ऑटोमोबाइल्समध्ये मात्र तीच गाडी पुढे 'पद्मिनी' या नावाने विसावे शतक संपेपर्यंत बनत राहिली. आयातबंदी आणि परवाना-राज यांनी स्पर्धा अडवली, म्हणून बदलण्याची निकड उरली नाही. पद्मिनीवर मुंबईने प्रेम केले, यात शंका नाही. पण त्या प्रेमाला पर्याय फारसे नव्हते.

८/
तिसरे उदाहरण पुण्याचे. टाटा इंडिका डिसेंबर १९९८ मध्ये भारतीय बाजारात आली. २००३ मध्ये हीच गाडी 'सिटीरोव्हर' या नावाने ब्रिटनमध्ये विक्रीला गेली. बर्मिंगहॅमच्या एमजी रोव्हर कंपनीला छोटी गाडी हवी होती आणि टाटांकडे ती तयार होती. बंपर, चाके, सस्पेन्शन यांत फेरफार झाले, बोधचिन्ह बदलले.

९/
पण इंडिकाचे खरे बळ होते भारतीय किंमत, ऐसपैस जागा आणि डिझेलची बचत. सिटीरोव्हर पेट्रोलवर चाले आणि तिची किंमत साडेसहा हजार पौंडांच्या घरात सुरू होई. त्या पैशात ब्रिटिश ग्राहकाला अधिक सफाईच्या गाड्या मिळत होत्या. एप्रिल २००५ मध्ये एमजी रोव्हर कोसळली आणि सिटीरोव्हरही संपली. नाव बदलून गाडी सीमा ओलांडते. तिचे गुण मात्र नव्या बाजाराच्या तराजूत पुन्हा तोलले जातात.

१०/
इथे एक भेद करायला हवा. काही बदल रास्तच असतात. भारतात स्टिअरिंग उजवीकडे, मेक्सिकोत डावीकडे. आपल्या खड्ड्यांसाठी गाडी जमिनीपासून उंच, थंड प्रदेशासाठी हीटर दमदार. नावेही बदलतात : नाशिकची स्कॉर्पिओ इटलीत 'गोवा' या नावाने विकली गेली. याला जुळवणी म्हणावे. हवामान, रस्ता आणि भाषा यांचा तो मान आहे.

११/
दुसऱ्या प्रकारचे बदल मात्र जुळवणीत बसत नाहीत. आघात झाल्यावर माणसाची छाती स्टिअरिंगवर आदळते, हे पुण्यात, पॅरिसमध्ये आणि साओ पावलोत सारखेच घडते. शरीरशास्त्राला राष्ट्रीयत्व नसते. म्हणून एअरबॅग, सांगाड्याचा मजबूतपणा आणि ब्रेकची यंत्रणा यांत देशागणिक जे कमी होते, त्याला कपात म्हणावे. या दोन शब्दांची गल्लत होऊ देणे कोणाच्या सोयीचे आहे, हे ओळखणे अवघड नाही.

१२/
ही कपात भारतात उघड झाली जानेवारी २०१४ मध्ये. ग्लोबल एनकॅपने मारुती अल्टो ८००, टाटा नॅनो, फोर्ड फिगो, ह्युंदाई आय-१० आणि फोक्सवॅगन पोलो या पाच गाड्या ताशी ६४ किलोमीटर वेगाने अडथळ्यावर आदळवल्या. एअरबॅग नसलेल्या पाचही गाड्यांना प्रौढ प्रवाशांच्या सुरक्षेसाठी शून्य तारे मिळाले.

१३/
त्यांतली पोलो चाकणची. तिचा सांगाडा आघातानंतरही स्थिर राहिला होता. उणीव होती ती एअरबॅगची. दोन एअरबॅग असलेल्या पोलोला त्याच चाचणीत चार तारे मिळाले. म्हणजे शून्य आणि चार यांतले अंतर त्या गाडीत मुख्यतः एका सुट्या साधनाचे होते. फोक्सवॅगनने एअरबॅगविना पोलो विकणे थांबवले. ते आधीही शक्य होते. पण तोवर कायद्याने तसे मागितले नव्हते आणि कोणी जाहीर विचारलेही नव्हते.

१४/
मे २०१६ च्या फेरीत नाशिकच्या स्कॉर्पिओची एअरबॅग नसलेली आवृत्ती शून्यावर थांबली. त्याच फेरीत चेन्नईजवळ बनणाऱ्या रेनॉ क्विडलाही शून्य मिळाले. पुढच्याच वर्षी क्विड ब्राझीलमध्ये आली ती चार एअरबॅग घेऊन, आणि तिथल्या 'लॅटिन एनकॅप'च्या चाचणीत तिने तीन तारे मिळवले. ब्राझीलमध्ये २०१४ पासून नव्या गाड्यांना पुढच्या दोन एअरबॅग आणि एबीएस सक्तीचे झाले होते. त्या किमान अटीच्या वर कंपनीने आणखी दोन एअरबॅग दिल्या.

१५/
रेनॉ डस्टरची नोंद आणखी बोलकी आहे. २०१७ मध्ये भारतीय डस्टर एअरबॅगविना शून्यावर राहिली. चालकाची एअरबॅग असलेल्या आवृत्तीला तीन तारे मिळाले. तपासणाऱ्यांच्या लक्षात आले, की भारतातल्या गाडीतली ही एअरबॅग लॅटिन अमेरिकेतल्या डस्टरपेक्षा आकाराने लहान होती. तिथल्या गाडीला पूर्वी चार तारे मिळालेले होते. साधन एकच, नाव एकच; माप मात्र बाजार पाहून कापलेले.

१६/
यावर एक प्रामाणिक आक्षेप आहे आणि तो हसण्यावारी नेता येणार नाही. भारतात चौघांचे कुटुंब एका मोटारसायकलवर बसते. त्यांना एअरबॅग नसलेली स्वस्त मोटार मिळाली, तरी ती मोटारसायकलीपेक्षा सुरक्षितच ठरेल. किंमत वाढवली तर ते कुटुंब दुचाकीवरच राहील. नॅनोमागचा विचार हाच होता आणि तो खोटा नव्हता.

१७/
पण या युक्तिवादात एक गृहीतक दडलेले आहे : सुरक्षेचा खर्च नेहमी ग्राहकाच्या मर्जीवर सोडला जाईल. तसे सोडले की जी कंपनी एअरबॅग देते तिची गाडी महाग दिसते आणि जी देत नाही ती बाजी मारते. सर्वांना एकच अट घातली की ही शर्यतच संपते. उत्पादन वाढते, सुट्या भागाचा दर उतरतो आणि ग्राहकाला जीव व मायलेज यांत निवड करावी लागत नाही.

१८/
भारतात हेच घडले, पण उशिरा. ऑक्टोबर २०१७ पासून नव्या मॉडेलांना समोरून व बाजूने आघाताची चाचणी सक्तीची झाली. एप्रिल २०१९ पासून सर्व नव्या मोटारींत एबीएस आले. जुलै २०१९ पासून चालकाची एअरबॅग, तर २०२१ अखेरपर्यंत शेजारच्या आसनाचीही सक्तीची झाली. या अटींनी भारतीय मोटार-बाजार बुडाला नाही. ऑक्टोबर २०२३ पासून 'भारत एनकॅप' ही देशाची स्वतःची ताऱ्यांची पद्धत सुरू झाली.

१९/
आता सुरुवातीच्या कोड्याकडे. २०२२च्या पाच ताऱ्यांत लबाडी नव्हती. त्या चाचणीने मुख्यतः विचारले, की धडक झाल्यावर माणूस वाचतो का? ऑस्ट्रेलियाच्या चाचणीने त्यापुढे जाऊन विचारले, की धडक होऊ नये म्हणून गाडी स्वतः ब्रेक लावते का, रांग सोडताना सावध करते का, पादचाऱ्याला ओळखते का? स्कॉर्पिओत ही साधने नव्हती आणि त्या विभागात तिला एकही गुण मिळाला नाही. आघाताच्या काही कठोर कसोट्यांतही ती उणी पडली. दोन परीक्षांचे प्रश्नपत्रच वेगळे होते.

२०/
म्हणून तारा हा गाडीच्या अंगावर जन्मतः असलेला तीळ नव्हे. कोणत्या वर्षी, कोणत्या देशात, कोणत्या प्रश्नाला मिळालेले ते उत्तर आहे, हे पाहिल्याशिवाय त्याचा अर्थ लागत नाही. शिलालेख वाचताना आपण काळ, स्थळ आणि कोरवून घेणारा कोण हे विचारतो. गाडीच्या माहितीपत्रकालाही हेच तीन प्रश्न विचारले, तर त्यातून त्या काळचा कायदा, बाजार आणि माणसाच्या जिवाची धरलेली किंमत वाचता येते.

२१/
आणि आता ढाणकीचा मुद्दा. २०१९ची अट नव्या गाड्यांना लागू झाली; आधी विकलेल्या गाड्या रस्त्यावरच राहिल्या. शहरात वापरून झालेली मोटार पुढे तालुक्याच्या आणि खेड्याच्या वाट्याला येते, हे आपल्याकडे सर्वत्र दिसते. म्हणजे पुण्यात नवी गाडी घेणारा आणि ढाणकीत तेच मॉडेल जुने घेणारा, हे दोघे एकाच देशात राहूनही दोन कायद्यांखाली प्रवास करतात. त्यांच्यामधली पैनगंगा म्हणजे गाडीचा उत्पादन-महिना.

२२/
ही सीमा नकाशावर नाही. गाडीच्या पाटीवर आणि नोंदणीपत्रावर आहे. जुनी गाडी पाहायला जाणाऱ्याने रंग, टायर आणि किलोमीटर यांच्या आधी ती कोणत्या महिन्यात बनली हे वाचावे आणि त्या आवृत्तीत एअरबॅग किती होत्या हे विचारावे. एकाच मॉडेलच्या खालच्या आणि वरच्या आवृत्तीतले अंतर २०१४च्या पोलोने दाखवून दिलेच आहे.

२३/
व्यवस्थेकडून मागणे दोनच. भारत एनकॅपची चाचणी सध्या कंपनीच्या इच्छेवर आहे. ती सक्तीची व्हावी आणि तिचा निकाल विक्रीच्या दालनात किमतीच्या पाटीशेजारी लावला जावा. आणि जुन्या गाडीच्या विक्रीच्या कागदावर तिच्या सुरक्षासाधनांची यादी यावी. विलीनीकरणानंतर काही वर्षांत हाली सिक्का गेला आणि पैनगंगेच्या दोन्ही काठांवर एकच रुपया चालू लागला. ते नाण्याच्या बाबतीत करून दाखवणाऱ्या देशाला काळीपिवळीच्या मागच्या बाकावर बसलेल्या विद्यार्थिनीच्या बाबतीतही ते करता येईल.

#इतिहास #मोटारी #ढाणकी #पैनगंगा