पुण्याचं ड्रेनेज, सोलापूरचा नळ

पुण्यात नोकरी करणाऱ्या आम्हा सोलापूरकरांची एक गंमत असते. गावाकडे जाताना भिगवणच्या पुढे उजनीचं बॅकवॉटर दिसायला लागलं की वाटतं, आलं आपलं पाणी! आणि ते खरोखरच आपलं असतं. आपणच पुण्यात आठवडाभर फ्लश केलेलं...

हसू नका, नकाशा काढून बघा. पिंपरी-चिंचवडमधून आलेली पवना दापोडीला मुळेत मिसळते. मुळा आणि मुठा संगमावर एकत्र येतात, आणि ती मुळा-मुठा रांजणगाव सांडसजवळ भीमेला मिळते. आळंदीची इंद्रायणी त्याआधीच तुळापूरला भीमेत आलेली असते. पुढे दौंड, आणि मग उजनी. १९८० साली पूर्ण झालेलं, सुमारे ११७ टीएमसी क्षमतेचं धरण. पुण्याची चारही धरणं (खडकवासला, पानशेत, वरसगाव, टेमघर) मिळून जेमतेम २९ टीएमसी होतात. शहराला दिलेल्या पाण्यापैकी साधारण ८० टक्के सांडपाणी म्हणून बाहेर पडतं, हा इंजिनिअर लोकांचा नेहमीचा ठोकताळा. ते जाणार कुठे? उतार जिकडे, तिकडे. आणि उतार आमच्याकडे आहे.

आमच्या क्षेत्रात अपस्ट्रीम-डाउनस्ट्रीम हे शब्द आपण दिवसातून दहादा वापरतो. वरच्या टीमने कचरा डेटा पाठवला तर खालच्या टीमचे लोक कसे भांडतात ते तुम्हाला माहीत आहेच. मेल जातात, मॅनेजर लूपमध्ये येतात. इथे डाउनस्ट्रीमला माझे आईवडील आहेत, आणि त्यांना वरच्या टीमचा मेल आयडीसुद्धा माहीत नाही.

आता या पाण्याचं उजनीत काय होतं? मैला, साबण, कारखान्यांचं पाणी आणि शेतांतून वाहून आलेलं खत यांतून नायट्रोजन आणि फॉस्फरस येतात. आपल्याला ती घाण वाटते, पण शेवाळासाठी ते जेवण आहे. साचलेलं पाणी, सोलापूरचं ऊन आणि फुकटचं जेवण! पाणी हिरवं होतं, जलपर्णी पसरते. रात्री आणि शेवाळ कुजताना पाण्यातला ऑक्सिजन संपतो. मग नाजूक मासे कमी होतात आणि काहीही सहन करणारी चिलापी उरते. (भिगवणला मासे खायला थांबता ना? थाळीत काय आलंय ते बघा.) पाण्याला येणारा मातकट वास बहुतेक वेळा याच शेवाळांचा आणि त्यांच्यासोबत वाढणाऱ्या जिवाणूंचा असतो. काही निळ्या-हिरव्या शेवाळांची विषं तर यकृताला घातक असतात आणि पाणी उकळून ती जात नाहीत. पाण्यात सेंद्रिय घाण जास्त असली की क्लोरीनही जास्त लागतो, आणि त्या दोघांच्या संयोगातून नको ती रसायनं तयार होतात. म्हणजे वरून येणारी घाण नुसती गाळून सुटत नाही. तिचं व्याज लागतंच.

उन्हाळ्यात धरण मायनसमध्ये गेलं की खालचा मृत साठा उपसायचा, दुबार पंपिंग, तिबार पंपिंग. पाणी कमी आणि त्यातली घाण दाट. सोलापुरात पाणी रोज येत नाही, काही दिवसांआड येतं, म्हणून ते घरात साठवून ठेवायचं. ज्याला परवडतं तो आरओ लावतो, नाहीतर जार आणतो. ज्याला परवडत नाही तो नळाचंच पितो. पुण्यात वाचलेला खर्च सोलापुरात असा घरोघरी वसूल होतो, आणि पावती कुणी देत नाही.

"सोलापूर म्हणजे दुष्काळी, तिथे पाण्याचा प्रॉब्लेम असणारच" हे वाक्य पुण्यात ऐकलं की म्हणूनच माझं डोकं फिरतं. पाऊस कमी पडतो हे निसर्गाचं. जे पाणी आहे ते हिरवं होतं, त्यातला मोठा भाग माणसांचा आहे.

सरकार काही करत नाही असं नाही. मुळा-मुठेसाठी जपानच्या जायका संस्थेच्या कर्जाचा करार जानेवारी २०१६ मध्ये झाला. सुमारे ९९० कोटींचा प्रकल्प, ११ नवी सांडपाणी प्रक्रिया केंद्रं, रोज ३९६ दशलक्ष लिटरची क्षमता. २०२२ ला पूर्ण व्हायचा होता, पण ती मुदत उलटून गेल्यावरही कामं चालूच राहिली. त्याच २०१६ साली 'नमामि चंद्रभागा'ची घोषणा झाली. आणि २०२२ च्या केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाच्या अहवालात देशातले सर्वांत जास्त प्रदूषित नदीपट्टे महाराष्ट्रात निघाले, ५५. आळंदीच्या फेसाचे फोटो आपण सगळे फॉरवर्ड करतो. पण माउलींची पालखी रस्त्याने पंढरपूरला जाते तशी ती फेसाळ इंद्रायणीही भीमेतून, उजनीतून पंढरपूरलाच जाते, हे कोण लिहितं?

आता मुद्द्याचं. मोठ्या गृहसंकुलांना स्वतःचा एसटीपी बांधावा लागतो. ब्रोशरमध्ये जिम आणि क्लबहाउसच्या खाली बारीक अक्षरात असतो तो. बहुतेकदा पार्किंगच्या खाली, एका कुलूपबंद दाराआड. आणि बऱ्याच ठिकाणी तो बंद असतो, कारण त्याचा ब्लोअर वीज खातो. पिंपरी-चिंचवड महापालिकेला एसटीपी बंद ठेवणाऱ्या सोसायट्यांना नोटिसा काढाव्या लागल्या, त्या उगाच नाही. मी एका सोसायटीच्या मीटिंगमध्ये हे वाक्य स्वतः ऐकलंय: "इन्स्पेक्शनच्या दिवशी चालू करू ना!" अहो, तो काय जिन्यातला दिवा आहे? आत जिवंत जिवाणू असतात. हवा बंद केली की ते मरतात, आणि पुन्हा नीट वाढायला आठवडे लागतात. अधूनमधून चालवलेला एसटीपी म्हणजे बंदच एसटीपी.

यावर नेहमीची उत्तरं येतात. साखर कारखाने बघा, कंपन्या बघा, शेतकऱ्यांचं खत बघा. बघायलाच पाहिजे, त्यांना सूट द्या असं कोण म्हणतंय? शिवाय साधा एसटीपी फॉस्फरस फारसा काढत नाही, त्यासाठी वेगळी प्रक्रिया लागते, हेही खरं. युरोपियन युनियनने २०१३ पासून घरगुती कपड्यांच्या डिटर्जंटमधल्या फॉस्फरसवर मर्यादा घातली, तशी मागणी आपणही करू शकतो. पण कारखान्याच्या गेटची किल्ली आपल्याकडे नाही. त्या कुलूपबंद दाराची आहे.

आणि सोलापूरकरांनीही फार ताठ व्हायला नको. आपलं सांडपाणी सीनेकडे जातं, सीना कुडलच्या संगमावर भीमेला मिळते आणि भीमा पुढे कर्नाटकात जाते. तिथल्या माणसासाठी आपणच पुणे आहोत! पुण्याकडे हिशोब मागायचा तर आपल्या नाल्यांचाही द्यावा लागेल.

तर मंडळी, पुढच्या सोसायटी मीटिंगला (जिथे आपण कधीच जात नाही) जा आणि तीनच गोष्टी मागा. एसटीपीच्या वीजमीटरची बारा महिन्यांची रीडिंग्ज, बाहेर पडणाऱ्या पाण्याचे लॅब रिपोर्ट, आणि ते दार उघडून आत एक चक्कर. रीडिंग सपाट असेल तर तुम्हाला ग्राफ काढायलाही लागणार नाही. लोक म्हणतील, मेंटेनन्स वाढेल. वाढू दे. फ्लॅटमागे महिन्याला वाढेल तो आकडा काढा आणि पिझ्झाच्या बिलाशेजारी ठेवून बघा.

माझ्या आईला उजनीची पातळी रोज तोंडपाठ असते, पेपरात पहिल्यांदा तेच बघते ती. आपल्याला निदान आपल्या बेसमेंटमध्ये काय चाललंय एवढं माहीत असावं.