नदीचे मूळ, माशाचे कूळ

ऋषीचे कूळ आणि नदीचे मूळ विचारू नये, असे आपल्याकडे म्हणतात. ऋषींचे मला ठाऊक नाही; पण नदीच्या बाबतीत हा संकेत पाळला की काय होते, याचा अनुभव अमेरिकेत गळ टाकता टाकता आला. ज्यांना मासेमारीत रस नाही त्यांनीही पुढे वाचायला हरकत नाही. प्रश्न माशाचा कमी आणि पाहुण्याने कसे वागावे याचा अधिक आहे.

माझे बालपण कोकणातले. आम्ही 'गरवायला' जात असू: बांबूची काठी, दोरी, गरी आणि ओल्या मातीतली गांडुळे. मिळालेला मासा घरी जाई. तो परत पाण्यात सोडावा ही कल्पना माझ्या आजीला सांगितली असती, तर तिने माझी दृष्टच काढली असती. मेरिलँडला राहायला आल्यावर पोटोमॅक नदीवर मी हे सोडणे शिकलो. शिकलो म्हणण्यापेक्षा दीक्षा घेतली.

ज्या माशासाठी हे सारे, तो स्मॉलमाउथ बास. रंग काशासारखा, अंगावर उभे गर्द पट्टे, डोळा बहुधा तांबूस. त्याच्या मोठ्या तोंडाच्या भावाचा जबडा डोळ्याच्याही मागे जातो, याचा डोळ्याखालीच थांबतो. याला गारसर, वाहते पाणी आणि दगडगोटे लागतात, कारण दगडांखाली त्याचे आवडते क्रेफिश असतात. लॅसेपेद या फ्रेंच शास्त्रज्ञाने १८०२ साली त्याचे नामकरण केले, ते पाठीचा पर तुटलेल्या एका नमुन्यावरून; म्हणून 'मायक्रोप्टेरस', म्हणजे लहान पराचा. एका माशाचा अपघात साऱ्या कुळाच्या कपाळी आला. एवढ्याशा आकाराला इतकी झुंज देणारा मासा दुसरा नाही, असा निर्वाळा हेन्शल यांच्या १८८१च्या ग्रंथापासून दिला जातो आहे. तो मला मान्य आहे.

या माशाच्या नादी लागलेला माणूस एका नदीवर थांबत नाही. आज शेनँडोआ, पुढच्या वर्षी सस्क्वेहाना, मग व्हर्जिनियातली न्यू रिव्हर. बारा ज्योतिर्लिंगे करावीत तशा नद्या 'करणारे' लोक मी पाहिले आहेत आणि त्यांच्यात मी होतो. नव्या नदीचे सुख खरे आहे, ते नाकारणे ढोंगीपणाचे होईल. खडकामागे प्रवाह कुठे दुभंगतो, वेगवान आणि संथ पाण्याची शिवण कुठे पडते, सावली दुपारी कोणत्या काठाला असेल, हे सारे अनोळखी लिपीसारखे हळूहळू लागू लागते. पहिला मासा लागला की वाटते, नदीने आपल्याला ओळख दिली.

पण ही ओळख बऱ्याचदा नदीची नसतेच. पोटोमॅकमधला बास मूळचा पोटोमॅकचा नव्हे. त्याचे घर ग्रेट लेक्स, सेंट लॉरेन्स आणि ओहायो-मिसिसिपीच्या वरच्या खोऱ्यांत. १८५४ साली काही बास व्हीलिंगजवळ ओहायोच्या खोऱ्यात पकडून, बाल्टिमोर अँड ओहायो रेल्वेच्या इंजिनाला जोडलेल्या पाण्याच्या टाकीतून, ॲलेघेनी डोंगर ओलांडून कंबरलँडला आणण्यात आले. पाणलोट ओलांडायला ज्याला युगे लागली असती, तो मासा आगगाडीने आला. पुढे हीच गोष्ट नदीनदीवर घडली. आपण नव्या नदीवर जातो आणि तिथे आपल्याआधी कुणीतरी नेऊन ठेवलेला जुनाच मासा पकडून परततो.

हे सारे मला पुस्तकी वाटत होते, ओरेगॉनमधल्या जॉन डे नदीवर जाईपर्यंत. जॉन डे या नदीवर एकही धरण नाही, आणि अमेरिकेत ही दुर्मिळ गोष्ट आहे. उंच बेसाल्टच्या कड्यांमधून (सह्याद्रीची आठवण होणे अटळ) ती कोलंबियाला मिळते. तिच्यात चिनूक सामन आणि स्टीलहेड अंडी घालायला येतात. बास तिथे १९७१ मध्ये सरकारी खात्यानेच सोडले. आज ती स्मॉलमाउथची पंढरी आहे, आणि तेच बास सामनची पिल्ले खातात. उन्हाळ्यात पाणी तापेल तसे ते वरवर सरकतात. २०१६ मध्ये ओरेगॉनने इथली बास पकडण्याची मर्यादाच उठवली: हवे तेवढे न्या.

नावेतला माझा स्थानिक सोबती सत्तरीचा होता. माझा पहिला मासा मी नेहमीच्या कौतुकाने पाण्यात सोडला, तेव्हा तो शांतपणे म्हणाला, "तुमच्या नदीवर हे पुण्य असेल."

मी गप्प बसलो. वसंतात पोटोमॅकवर बास सोडावाच लागतो, आणि ते योग्यच आहे. नर खड्यांत घरटे करतो, अंड्यांवर पहारा देतो. त्याला थोडा वेळ जरी उचलला तरी इतर मासे अंडी फस्त करतात. तिथे सोडणे म्हणजे विवेक. इथे तीच कृती म्हणजे सवय, आणि तिची किंमत दुसराच मासा मोजतो.

यावर माझ्याच मनात आलेला आक्षेप असा, की मीही इथे बाहेरूनच आलेलो. कुळाची चौकशी मी कोणत्या तोंडाने करू? हे साम्य मोहक आहे आणि फसवे आहे. माणसे स्वतःच्या पायांनी येतात आणि जाब देऊ शकतात. माशाला आणणारा माणूस असतो, तेव्हा जाब माशाकडे मागायचा नसून आणणाऱ्याकडे, आणि आज त्या आणण्याची मौज लुटणाऱ्याकडे मागायचा. सामनचा खरा वैरी धरणे, हा दुसरा युक्तिवाद अधिक वजनदार आहे. जॉन डेच्या पिल्लांना समुद्र गाठायला कोलंबियावरची तीन धरणे पार करावी लागतात. पण २०२२ साली कोलोरॅडोत ग्लेन कॅन्यन धरणाच्या खाली बासची पिल्ले सापडली, ती पॉवेल जलाशय खालावून धरणातून कोमट पाणी उतरू लागल्यामुळे. आणि आता खालच्या दुर्मिळ हम्पबॅक चबला धोका आहे. धरण आणि बास हे वेगळे वैरी नव्हेतच.

तेव्हा माझे म्हणणे एवढेच आहे, की नव्या नदीवर जाणाऱ्याने काठी बांधण्याआधी तिथल्या माशाचे कूळ विचारावे आणि सोडायचे की न्यायचे हे त्यावर ठरवावे. जुन्या नदीवरची नीती सामानात भरून नेऊ नये.

त्या दिवशी मला अकरा मासे लागले. चार ठेवले; संध्याकाळी काठावर हळद-तिखट लावून तव्यावर परतले, म्हाताऱ्याने दोन खाल्ले. उरलेले सात मी सोडले होते, त्यांतले सहा तर त्याच्या त्या वाक्यानंतर. हाताला तीच सवय होती, एवढेच त्याचे कारण देता येते.