मासोयीले कायचा उन्हाया!

"मासोया तं अशाबी मरनारच हायेत, आमी मारल्या तं काय झालं?" मे महिना आला की पैनगंगेच्या काठी हे वाक्य ऐकू येतं. शिकलीसवरलेली माणसंही बोलतात. आज माझं भांडण या वाक्याशी आहे.

मंडळी, आपल्या वाशिम जिल्ह्याचं ऊन तुम्हाला सांगायला नको. नदीची धार तुटते, पाणी उरतं ते डोहात, आणि सगळे मासे तिथेच गोळा होतात. पाणी तापलं की त्यात विरघळलेला प्राणवायू कमी होतो. 20 अंशाला लिटरमागे जास्तीत जास्त 9 मिलिग्रॅम मावतो, 35 ला जेमतेम 7. माशाची गरज मात्र उष्म्यात वाढते. मरळ वर येऊन हवेतून श्वास घेते म्हणून तगते. रोहूने काय करावं? नेमक्या अशा वेळी कोणी ब्लिचिंग पावडर घेऊन येतो, कोणी बॅटरीची वायर. मोठे मासे उचलतात, बोटाएवढी पिल्लं सडायला सोडतात. तेच पाणी संध्याकाळी गुरं पितात!

अमेरिकेत मोंटाना राज्यात माझा पुतण्या ट्राउट धरतो. पिसं-दोरा गुंडाळून केलेली खोटी माशी गळाला लावायची, असा तो शौक. ट्राउट थंड पाण्यातला मासा. तिथे नदीचं पाणी लागोपाठ तीन दिवस साधारण 23 अंशांवर गेलं, की दुपारी दोनपासून मध्यरात्रीपर्यंत गळ टाकायला बंदी होते. मी हे पारावर सांगितलं तर पोट धरून हसले. "गुर्जी, मासोयीले कायचा उन्हाया!" (मासा धरून परत सोडून देण्याचा तो खेळ मलाही पटत नाही. धरला तर खावा. असो.)

मग ठरलेला प्रश्न येतो, गरिबाने मासे खाऊ नयेत का? गरिबाला उगाच मध्ये ओढू नका. आमच्या भोई बांधवांच्या जाळ्याच्या आसातून पिल्लं निसटतात, कारण पुढच्या वर्षी त्यांना त्याच डोहावर यायचं असतं. पावडरवाला मोटारसायकलवर येतो आणि जातो.

आणि 'मरणारच' कशावरून? खोल डोह आपोआप आटत नाही, आपल्या मोटारी तो आटवतात. मृगापर्यंत जो डोह टिकतो, त्यातलेच मासे पहिल्या पुरात वर चढून अंडी घालतात. पेरणीचं बियाणं भाजून खाणाऱ्याला आपण काय म्हणतो?

विष किंवा स्फोटकं टाकून मासे मारणं 1897 च्या कायद्यानेच गुन्हा ठरवलं. दंड होता जास्तीत जास्त दोनशे रुपये! 2023 साली पापलेट राज्यमासा झाला, आनंद आहे. पण तो समुद्रातला. आमच्या मरळीला कोण विचारतो?

1 मेच्या ग्रामसभेत मी ठराव मांडणार आहे. गावाने एक डोह राखावा, मृगाचा पाऊस पडेपर्यंत तिथे ना मोटार, ना गळ, ना जाळं. हसतील, हसू देत. पुण्या-मुंबईच्या भाचे-पुतण्यांनो, हे वाचत असाल तर आपापल्या वडिलांना फोन करा आणि त्या दिवशी तेवढा हात वर करायला सांगा.